पहिल्या तारखेच्या आत

रमाबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. दूध उतू गेलं तर गेलं म्हणून, आणि नाही गेलं तर आज काऊन नाही गेलं म्हणून त्या पातेल्यात डोकावत. आदिलाबादच्या भुक्तापुरातल्या त्यांच्या गल्लीत बाया म्हणायच्या, कोणाच्या घरी काळजी कमी पडली तर रमाबाईंकडून वाटीभर आणावी. पण छप्पन सालच्या दिवाळीत मात्र त्यांच्याकडं खरंखुरं कारण होतं, आणि ते दिवस भरलेलं पोट सांभाळत घरभर फिरत होतं.

कुमुदिनी त्यांची एकुलती लेक. गेल्या मार्गशीर्षात तिला किनवटला दिली. जावई वामनराव तिथल्या शाळेत मास्तर, व्याही गोपाळराव तहसिलीतून निवृत्त झालेले पेशकार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं दसरा झाल्यावर कुमुदिनी आदिलाबादला आली होती. शिवाय लग्नानंतरची ही पहिली दिवाळी, म्हणून दिवाळसणाला जावई येणार होते. सगळं कसं रीतीला धरून चाललं होतं.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं किनवटचा एक ओळखीचा माणूस उतरला. त्यानं दारातच उभ्या उभ्या निरोप सांगितला, पाणीसुद्धा घेतलं नाही. जावयासोबत गोपाळरावही धनत्रयोदशीला येणार होते, आणि तेही सुनेला पहिल्या तारखेच्या आत किनवटला घेऊन जाण्यासाठी.

पहिली नोव्हेंबर. त्या दिवशी हैद्राबाद राज्याची वाटणी होणार होती. किनवट तालुका आजवर आदिलाबाद जिल्ह्यातलाच. तो आता मुंबई राज्यात चालला होता, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. निजामाच्या अमलापासून सरकारी नोकरीला मुल्कीचा दाखला लागायचा, म्हणजे हा माणूस इथलाच आहे याचा पुरावा. ज्याच्याकडं तो नाही तो गैरमुल्की, त्याला दारातूनच परत. गोपाळरावांनी पेशकारीत असे किती पदवीवाले हात हलवत परत जाताना पाहिले होते. आपला नातू आंध्रात जन्मला, तर मुंबई राज्यात तो जन्मभर गैरमुल्की ठरेल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रमाबाईंच्या यजमानांनी, शरदचंद्रांनी, निरोप ऐकला, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. ते स्वतः आदिलाबादच्या तहसिलीत कारकून. त्यांच्या कचेरीत किनवटच्या उर्दू कागदांचे बस्ते बांधून गाडीत चढवणं चालू होतं, आणि कोणत्या मेजावरचा माणूस कुठं जाणार हे मेजालाच ठाऊक. ते एवढंच म्हणाले, की व्याही कायद्याचे जाणकार आहेत, त्यांनी काही विचार करूनच ठरवलं असेल.

"आणि गाडीत काही झालं तर?" रमाबाईंनी विचारलं.

"काही होत नाही. चार-पाच टेसनांचा तर प्रवास."

रमाबाई गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांना चांगलं जमायचं, फक्त त्या रात्री भाकरी करपल्या.

रविवारी चकल्या केल्या. भाजणी चांगली होती, पण रमाबाईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पीठ कोरडं भिजलं, आणि चकल्या साच्यातून पडल्या पडल्या तुटायला लागल्या. कुमुदिनी भिंतीला टेकून, पाय पसरून, तुटके तुकडे खात होती. तिला या साऱ्या प्रकाराचं हसू येत होतं.

"आई, मी काय टपालाचं पुडकं आहे? तारखेच्या आत पोचलं पाहिजे म्हणून?"

"हसू नको. पोटावर ताण येतो."

"मला कोणी विचारलं का, मला कुठं राहायचंय?"

यावर रमाबाई कढईतलं तेल न्याहाळू लागल्या. खरंच कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीसुद्धा नाही.

सोमवारी बाजारात गेल्या तर तिथंही हाच विषय. कापडाच्या दुकानातला मारवाडी गिऱ्हाइकाला सांगत होता, पहली तारीख से बीच में नाका बैठेगा, देख लेना. पूर्वी पैनगंगेवर निजामाचा करोडगिरीचा नाका होता. नदीपलीकडं वऱ्हाडात जायचं तर गाठोडी सोडून दाखवावी लागत, जकात भरावी लागे. रमाबाईंच्या लहानपणी एका शिपायानं त्यांच्या आईचं लाडवांचं भांडं उघडून पाहिलं होतं, आणि एक लाडू खाऊनही पाहिला होता. तसलाच नाका आता आदिलाबाद आणि किनवटच्या मधे? मग लेक तिकडं बाळंत झाली तर मायनं परवाना काढून जायचं? रमाबाईंनी घाबरून डिंक घेतला, खारका घेतल्या, आळीव घेतले, गुळाची अख्खी ढेप घेतली. पिशवी उचलवेना. घरी आल्यावर शरदचंद्रांनी ढेपेकडं पाहिलं आणि बाळंतिणी किती आहेत असं विचारलं. त्या दिवसांत त्यांनी केलेला तो एकमेव विनोद, आणि त्याला कोणी हसलं नाही.

मंगळवारी त्या कुमुदिनीला रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सबाई तेलुगू. त्यांनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं आणि अर्ध्या हिंदीत सांगितलं, की डोकं खाली सरकलंय, आज-उद्या-परवा कधीही, आता कुठं हलायचं नाही. रमाबाईंनी ते दोनदा वदवून घेतलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे वदवून घेऊन उपयोग काय. गोपाळराव काही नर्सबाईंचं ऐकणार नाहीत. बाईचं म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी अर्ज नव्हे, तोंडी तक्रार.

परतताना कुमुदिनीनं तळ्याकाठी थांबायचा हट्ट धरला. सीताफळवाली बसली होती. मायलेकी दगडावर बसून सीताफळं खाऊ लागल्या. पाणी निवांत होतं, पलीकडं कोणी म्हशी धूत होतं. रमाबाईंच्या ओठावर शब्द आले आणि त्यांनी ते बियांबरोबर थुंकून टाकले.

आठ वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता तो. पोलीस ॲक्शन अजून व्हायची होती. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं वऱ्हाडाकडं निघाली होती. रमाबाई तेव्हा आठव्या महिन्यात होत्या. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, निघायचं, त्या निघाल्या. बैलगाडी पैनगंगेच्या गोट्यांवरून उतरली, आणि पलीकडच्या काठावर चढेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता. कुमुदिनी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, तिला गाडीच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसवलं होतं. त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. रमाबाई अमुक झालं तर, तमुक झालं तर असं पुटपुटत घरभर फिरायच्या ते तेव्हापासून. लोकांना वाटे, स्वभाव आहे.

"काय म्हणत होतीस?" कुमुदिनीनं विचारलं.

"काही नाही. हात धू. चिकट झाले."

बुधवारी दुपारच्या गाडीनं बापलेक आले. गोपाळराव उंच, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. बोलले की वाटे कोणाचं तरी बयाण घेऊन राह्यले. वामनराव त्यांच्या मागं, हातात कंदिलाचा खोका. स्वतः कागद कापून आकाशकंदील बनवून आणला होता त्यांनी, आणि गर्दीत त्याची एक बाजू चेपली होती. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. वडिलांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती.

रमाबाईंनी पुरणाचा बेत केला होता. भरली वांगी, कढी, अंबाडीची चटणी, पोळीवर तुपाची धार. गोपाळराव जेवले, व्यवस्थित जेवले, दोनदा कढी मागून घेतली. हात धुऊन पाटावर बसल्यावर म्हणाले, की उद्या पहिली, तेव्हा आज संध्याकाळच्या गाडीनं निघावं हे उत्तम.

शरदचंद्रांनी घसा साफ केला. दिवाळीत घरातली लक्ष्मी बाहेर पाठवत नाहीत, असं ते कसंबसं बोलले.

"बरोबर," गोपाळराव म्हणाले. "आणि ती लक्ष्मी आमच्या घरची आहे. म्हणूनच न्यायला आलो."

शरदचंद्रांनी पुन्हा चष्मा काढला. दाराआड उभ्या असलेल्या रमाबाईंनी पदर सावरला आणि चौकटीत आल्या. व्याह्यांशी समोरासमोर बोलायची ती त्यांची पहिलीच वेळ.

"पेशकारसाहेब, एक विचारू? आमचे जावई कुठं जन्मले?"

"वणीला. आजोळी."

"वणी तर तेव्हाही निजामात नव्हती. मग त्यांचं काय अडलं?"

त्यांना वाटलं, आपण जिंकलो. पण गोपाळरावांचा चेहरा उतरला नाही, उलट कडवट झाला.

"काय अडलं? सांगतो. याच्या मुल्कीसाठी दोन वर्षं मी हैद्राबादच्या खेपा घातल्या. मी, स्वतः पेशकार. जसल्या खिडकीवर मी लोकांना थांबवत होतो, तसल्याच खिडकीवर मला थांबवलं. बाप इथला, आजा इथला, सगळं दाखवलं. तरी जन्म वणीचा, जन्म वणीचा. ते मी पुन्हा होऊ देणार नाही."

रमाबाईंना पहिल्यांदाच कळलं, की हा माणूसही घाबरलेला आहे. आपल्यासारखाच, मागं झालेल्या एका गोष्टीला. त्यामुळं त्यांचा राग गेला, पण भीती गेली नाही, आणि मग त्या बोलल्या. आठव्या महिन्यातली गाडी, नदीचे गोटे, वडीलधाऱ्यांचा शब्द. आवाज चढवला नाही. धान्य निवडताना बोलावं तसं सांगितलं. शरदचंद्र खाली मान घालून बसले होते. कुमुदिनी आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती, आणि आई काय बोलते आहे ते तिला हळूहळू उमगत होतं.

"तेव्हा मला कोणी विचारलं नाही," रमाबाई शेवटी म्हणाल्या. "आज तिला तरी विचारा."

गोपाळरावांनी सुनेकडं पाहिलं. विचारलं नाही, पण पाहिलं.

"मला इथंच राहायचं, मामंजी," कुमुदिनी म्हणाली.

"आणि दाखला?"

हा प्रश्न कोणाला होता ते कळलं नाही. उत्तर आलं चेपलेला कंदील मांडीवर घेऊन बसलेल्या वामनरावांकडून. "मी घालीन खेपा, बाबा. दोन वर्षं लागली तर दोन वर्षं."

"तुला माहीत नाही खेपा काय असतात ते."

"नाही माहीत. तुम्ही सांगाल."

गोपाळराव उठले. टोपी घातली. घरी पूजा खोळंबेल असं काहीतरी बोलून संध्याकाळच्या गाडीनं निघाले. रमाबाईंनी फराळाचा डबा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. वामनराव टेसनापर्यंत पोचवायला गेले आणि एकटेच परत आले. रमाबाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. व्याह्यांना दुखावलं. आता इथं काही कमीजास्त झालं तर तोंड कुठं दाखवायचं?

गुरुवारी नरकचतुर्दशी आणि नवं राज्य एकत्रच उजाडलं. जावयाला तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं, पोरांनी फटाके उडवले, कचेरीपुढं झेंडा आणि भाषण झालं. शरदचंद्र जाऊन आले आणि म्हणाले, की खुर्ची तीच आहे. कुमुदिनी दिवसभर ठणठणीत होती. चिवडा खाल्ला, झोपली. रमाबाई तासातासाला तिच्याकडं पाहत आणि मनात म्हणत, अजून काऊन नाही? उगाच तर नाही ना भांडले मी?

शुक्रवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सकाळी कळा सुरू झाल्या. राहीबाई सुईण आली. तिनं रमाबाईंकडं एकदा पाहिलं आणि पहिलं काम त्यांना खोलीबाहेर काढायचं केलं.

"बाई, तुमी बाहीर बसा. तुमचं तोंड पाहून लेकरू परत आत जाईन."

रमाबाई बाहेर बसल्या. दुपार उलटली. आतून कुमुदिनीचा आवाज येई, मग थांबे, आणि थांबला की रमाबाईंना नदीचे गोटे ऐकू येत. नर्सबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, आत गेल्या. वामनराव अंगणात उभे राहून विहिरीचा रहाट धरून होते, पाणी काही काढत नव्हते. आणि मग एक बारीक, चिडका, खरखरीत टाहो आला. रमाबाई उठल्याच नाहीत. त्यांना तो पुन्हा एकदा ऐकायचा होता. तो पुन्हा आला.

नाळ मानेभोवती आली होती, राहीबाईनं नंतर सांगितलं, पण नर्सबाईंनी अलगद काढली. किनवटलाही सगळं नीट झालं असतं कदाचित. नसतंही. रमाबाईंना हे कधीच कळणार नव्हतं, आणि त्याचीही काळजी त्या पुढं करणारच होत्या.

दिवेलागणीला फाटक वाजलं. गोपाळराव. किनवटला कोणी निरोप पाठवला नव्हता. त्यांचे तेच आले होते. दाराबाहेरच थांबले. आतला आवाज त्यांनी ऐकला होता.

"काय झालं?"

"मुलगी," रमाबाई म्हणाल्या. "दोघी सुखरूप."

गोपाळरावांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "चला. मुलगी आहे, म्हणजे दाखल्याचं तसं काही अडणार नाही."

आतून, थकलेला पण स्पष्ट, कुमुदिनीचा आवाज आला. "अडेल, मामंजी. तिलाही नोकरी करायची असेल."

शरदचंद्र चष्मा शोधू लागले. गोपाळराव दाराकडं पाहत राहिले, आणि मग पायरीवर, कोट चुरगळेल याचा विचार न करता, खाली बसले.

"वामन," ते म्हणाले, "तिच्या दाखल्याचा पहिला अर्ज उर्दूत चालणार नाही आता. मराठीत कर. मी बघून देईन."