बारा वर्षांचं उत्तर

"पक्ष काय दिलाय? साध्य काय आहे?" खडूनं पांढरं झालेलं बोट वर करून मास्तर विचारायचे, आणि ते काही वर्गातच नव्हे. चहाला चला म्हटलं तरी हेच. गणितातली एकही पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. नुसतं उत्तर बरोबर आलं तर शून्य मार्क. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. "लग्न का नाही केलंत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पक्ष अपुरा आहे."

एकोणीसशे तिसाच्या सुमारास रेवदंड्याच्या खाडीकाठी एका शाळेत आम्ही दोघे शिकवत होतो. मी मराठी, ते बीजगणित आणि भूमिती. माणूस घाटावरचा, खारं पाणी त्यांनी पाहिलं ते इथंच. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून सखल, मध्ये मातीचा बांध. बांध फुटला की शेत खारं होणार आणि पुढं तीन वर्षं दाणा पिकणार नाही. बांधाच्या पायथ्याशी कुळांची चार घरं होती.

मास्तरांनी मुलांना गृहपाठ घातला: काठीच्या आणि बांधाच्या सावलीवरून बांधाची उंची काढा, भरतीची खूण मोजा, बांध किती वर्षं पुरेल ते सांगा. मग फळ्यावर स्वतः सोडवून दाखवलं. बांधाचा माथा पाण्याच्या वर चोवीस इंच. बांध दरसाल दोन इंच खचतो. दोन क्ष बरोबर चोवीस. क्ष बरोबर बारा.

गावचे खोत शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी फळा पाहिला आणि म्हणाले, "एवढं मला लिहून द्या, मास्तर." मास्तरांनी कौतुकानं, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. दर फाल्गुनात बांधाला खोतांनी दगड द्यायचा, असा रिवाज होता. त्या साली दगड आला नाही. कुळं विचारायला गेली तर खोतांनी कागद दाखवला. "बारा वर्षं काळजी नको. गणितानं सिद्ध झालंय."

बांधाखालच्या घरातली एक म्हातारी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, माप कवा घेतलंत?"

"अष्टमीला."

"मंग कसं व्हयाचं? अष्टमीला भांगाचं पानी. त्या दिशी पानी चढतंच न्हाय. अवसेचं उधान मापा."

मास्तरांचा चेहरा उतरला. अवसेला भर दुपारी आम्ही बांधावर गेलो. मी काठी धरली. अंतर भरलं दोन इंच. त्यांनी चिखलात बोटानं लिहिलं, दोन क्ष बरोबर दोन, आणि थांबले. पावसाळ्यातलं उधाण याहून चढतं, हे मला ठाऊक होतं. मी काठी चिखलातून उपसली. ते त्यांनाही कळलं होतंच.

नवा कागद घेऊन ते खोतांकडे गेले, तेव्हा मी सोबत होतो. खोत हसले. "पहिल्या कागदात कुठली पायरी चुकली?"

"पायरी नाही चुकली. पक्षच चुकला."

"मग आम्हाला तुमच्या पायऱ्या पुरेत." त्यांनी नव्या कागदाची घडी केली आणि मास्तरांच्याच खिशात ठेवली.

त्यानंतर शाळा सुटली की मास्तर कुळांबरोबर बांधावर माती टाकायला जायचे. टोपली डोक्यावर ठरत नसे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण दगडाशिवाय चिखल किती टिकणार? पावसाची एकेक सर थोडा थोडा नेत होती. मला त्या दिवसांत बांधाकडे बघवत नसे.

श्रावणातल्या अवसेला दुपारी पाणी माथ्यावरून वाहू लागलं. मास्तरांनी चारही घरं ओरडून रिकामी केली, म्हातारीला पाठीवर घेऊन टेकाडावर आणलं, आणि कोणी मागं राहिलं का बघायला परत खाली गेले. तेवढ्यात बांध गेला.

तिसऱ्या दिवशी मामलेदार चौकशीला आले. खोतांनी बारा वर्षांचा कागद पुढं केला.

"अक्षर मास्तरांचंच ना?" मामलेदारांनी मला विचारलं.

खोत समोर बसले होते. माझी नोकरी त्यांच्या हातात होती. मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या कागदाचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो मास्तरांच्या खिशात होता, आणि मास्तर अजून सापडले नव्हते.