सायमनकाका नापास होतात

रोह्यात मी अठरा वर्षं गाडी शिकवते. माझ्या हाताखालून भाजीवाल्या पास झाल्या, तलाठी पास झाले, कंपनीतले रात्रपाळी करून डुलक्या काढणारे पास झाले. फार काय, ब्रेक दाबताना डोळे मिटणारी माझी सासूसुद्धा पास झाली. 'निशिगंधा मॅडमकडे गेलात की लायसन हातात', असं लोक म्हणायचे. आणि माझं हे नाव कुणी धुळीला मिळवलं? तर पस्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसानं!

सायमनकाका मूळचे रोह्याशेजारच्या अष्टमीचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आईबाप लवकर गेले, म्हणून सतरा वर्षांनी मोठ्या बहिणीनं, तामारबायनं, त्यांना वाढवलं. चोविसाव्या वर्षी काका इस्राएलला गेले. अश्दोदला बस चालवली, संसार केला. त्यांचे इथले सगळे भाऊबंद एकेक करून तिकडे गेले. तामारबाय मात्र जागची हलली नाही. "मी गेले तर शुक्रवारचा दिवा कोण लावंल?" म्हणते. आता ती एकोणऐंशीची झाली. काकांची बायको वारली, नोकरी संपली, आणि ते बहिणीला भेटायला म्हणून आले.

आले ते एक काम घेऊन. काका तिकडे गेले तेव्हा तामारबायनं एलियाहू हनबीला, म्हणजे त्यांच्या प्रेषिताला, नवस बोलला होता : माझा भाऊ सुखरूप ऱ्हाऊ दे, त्यानं चालवलेल्या गाडीतूनच तुला मालिदा द्यायला येईन. मालिदा म्हणजे गूळखोबरं घातलेले गोड पोहे नि फळं. तो द्यायचा अलिबागजवळ खंडाळ्याला, जिथं एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं ही माणसं मानतात. आता नवस बोलायचा तर साधा बोलावा की नाही? रिक्षानं जाईन, एस्टीनं जाईन! पण नाही. भावानंच गाडी चालवायला पाहिजे. आणि भावाकडे इथलं लायसन नाही.

काका माझ्याकडे आले आणि तिकडचं लायसन माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "हे फ्रेम करून भिंतीला लावा. इथं लर्निंगपासून सुरुवात."

"बरं," म्हणाले. मग हळूच विचारलं, "किती वेळा नापास होता येतं?"

मला वाटलं, वय झालंय, घाबरलेत. मी सांगितलं, तीनदा नापास झालात तर दोन महिने थांबायचं, मग पुन्हा यायचं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

पहिल्या टेस्टला मी त्यांना पेणला घेऊन गेले. काका ऐटीत गाडीचं डावं दार उघडून आत बसले, पट्टा लावला आणि समोर बघत राहिले. समोर स्टिअरिंगच नाही! तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो ना. इन्स्पेक्टर साहेब बाहेर उभे. वाकून म्हणाले, "काका, मी चालवू का?" मग काका उजवीकडे आले आणि आठचा आकडा काढताना दोन खांब आडवे केले. नापास.

दुसऱ्या दिवशी तामारबायनं मला घरी बोलावलं. गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता. नारळाच्या दुधातला तो हलवा म्हणजे काय सांगू! तीन वड्या पोटात गेल्यावर बाय जवळ सरकली.

"गो निशे, त्याला नापास कर."

"बाय, नापास साहेब करतात, मी नाय."

"मग शिकवू नको नीट. तो लेकीला सांगून आलाय, नवस फेडतो नि येतो. लायसन हातात आलं की नवस फिटला, नि तो गेला." तिनं पदर डोळ्यांना लावला. "मी त्याला ऱ्हा म्हटलं तर ऱ्हाईल, पण लेकीला दिलेला शब्द मोडून. तसा नको मला. पण तो गेला ना गो, तर मी बोलू कुणाशी?"

आता बोला! मी म्हटलं, माझी शाळा हाय, तमाशा नाय. पण डबाभर हलवा घेऊन आले, हेही खरं.

दुसऱ्या टेस्टला चढावर एक कोंबडी आडवी आली. काका थांबले. कोंबडी गेली. काका थांबलेलेच. साहेब म्हणाले, "चला की." काका म्हणाले, "ती परत येणार, बघा." गाडी मागे सरकली ती रेषेच्या पार. नापास. रोह्यात लोक मला विचारायला लागले, "मॅडम, तो बसवाला झाला का पास?" माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग गणपतीच्या आधीची गोष्ट. अष्टमीच्या गल्लीत आमची गाडी शिरली आणि समोरून पेणहून मूर्ती घेऊन आलेला टेम्पो. मागे रिक्षा, बाजूला भिंत, गटार उघडं. टेम्पोवाला ओरडतोय, मी ओरडतेय. काकांनी एकदा आरशात बघितलं आणि एका दमात, वळणासकट, गाडी मागे घेतली. भिंतीपासून दोन बोटं. टेम्पोवाल्यानं हात जोडले, ते त्यांना की गणपतींना ते माहीत नाही.

मनात म्हटलं, अच्छा! असं हाय होय!

तिसऱ्या टेस्टच्या दिवशी तामारबाय मागच्या सीटवर येऊन बसली. मांडीवर डबा. काका गाडी चालवत होते, मी शेजारी. नागोठण्याच्या अलीकडे मागून डबा पुढे आला. "निशे, खा गो. आजपण जरा..." आणि तिनं मला डोळा मारला. एकोणऐंशी वर्षांची बाई! आणि शेजारी काका विचारतात, "तिसऱ्यांदा नापास झालं की साठ दिवस ना? सुट्ट्या धरून?"

मग मात्र माझं डोकं सटकलं. "गाडी बाजूला घ्या!" मी ओरडले. त्यांनी घेतली, कशी सुरेख घेतली! "ही बाय मला हलवा चारते, तुम्हांला नापास कर म्हणून. नि तुम्ही मुद्दाम नापास होता. गल्लीत बघितलं मी तुमचं! नि दोघांच्या मधे नाक कुणाचं कापलं जातंय? माझं!"

"तू मुद्दाम करतोस?" तामारबायनं विचारलं.

काका स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "लेकीला, नोआला, खोटं सांगता येत नाय मला. लायसन नाय मिळालं, हे तर खरंच हाय ना. ती तिच्या संसारात, मी अश्दोदला चार भिंतींशी बोलत बसू? पण तू तरी कुठं म्हणालीस, ऱ्हा म्हणून?"

"मी कशाला म्हणू?"

"मग मी तरी कसा ऱ्हाऊ?"

काकांनी गाडी परत रस्त्यावर घेतली, वडखळ आलं. मला स्वतःचाच राग यायला लागला होता. मग मागून आवाज आला, "सायमन, पास हो. पोरीचं नाव खराब नको व्हायला. नवस म्हणजे नवस."

काका पास झाले. असा आठचा आकडा मी अठरा वर्षांत बघितला नव्हता. साहेब म्हणाले, "काका, आधी काय झालं होतं?" काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. परत येताना बाय खिडकीबाहेर बघत होती आणि हलव्याचा डबा तसाच बंद होता. मी पास झालेला माणूस घेऊन जातेय की मयताहून येतेय, तेच कळेना.

पंधरा दिवसांनी पोस्टमन लायसन घेऊन आला. मी मुद्दाम गेले होते. काकांनी नोआला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "आबा, मिळालं?" तिकडून पोर आनंदली. "मग तिकीट काढू?"

तामारबायनं कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "गो निशे, हे किती दिवस चालतं?"

"त्यांच्या वयाला पाच वर्षं," मी म्हटलं.

"पाच वर्षं?" बाय फोनकडे वळून मोठ्यानं बोलली, "ऐकलंस गो नोआ? तीनदा पेणच्या खेपा घालून पाच वर्षांचं लायसन काढलंय, नि तुझा बापूस पंधरा दिवसांत टाकून जाणार. वाया नाय का जाणार?"

फोनवर नोआ हसायला लागली. "आणि नवस, आत्या?"

"एलियाहू अडतीस वर्षं थांबलाय. तो काय कुठं जात नाय." बायनं कार्ड काकांच्या खिशात घातलं आणि वरून थोपटलं. "मुदत संपायच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ खंडाळ्याला. काय रे? ऱ्हाशील ना?"

काकांचे डोळे भरले होते. तरी म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात कशाला? आधी रिन्यू करून घेऊ."