सत्तावीस दिवस न पाहिलेली लेक

चाळीसगावच्या बसस्थानकावर मी गाड्या पुकारतो. चौकशीच्या खिडकीमागे बसून दिवसभर माईकवर बोलतो, म्हणून घरी आल्यावर तोंड उघडणं माझ्या जिवावर येतं, आणि उघडलंच तर वाद घालायला, असं बायकोचं म्हणणं. तिला सहावा लागला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बाळाला ऐकू येतं. वडिलांनी रोज थोडं बोलत जावं." मला याचं भारी कुतूहल वाटलं. पाण्यात असलेल्या जिवाला बाहेरचं काय ऐकू येत असेल? घरी येऊन मी बादलीत डोकं घातलं आणि बायकोला बोलायला सांगितलं. नुसतं 'भों भों' ऐकू आलं. डोकं बाहेर काढलं तर ती म्हणत होती, "बाळाशी बोलायला सांगितलंय, बादलीशी नाही."

पण पोटाशी बोलायचं काय? पहिल्या दिवशी "काय, बरं आहे ना?" एवढं विचारलं आणि माझा साठा संपला. शेवटी तीच म्हणाली, "गाड्या पुकारा. तेवढं तरी येतं." मग रोज कामावरून आलो की घसा साफ करून मी सुरू व्हायचो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. मेहुणबारेमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." बायको पोटावर हात ठेवून सांगायची, "मारली लाथ!" धुळ्याला एक लाथ, जळगावला एक, आणि पारोळ्याला दोन, कारण आजोळ तिकडचं. मी हरखून जायचो. पुढे ती पारोळ्याजवळ माहेरी गेली, तेव्हा फोन पोटाला लावून हा कार्यक्रम चालू राहिला. येणारं बाळ आपला आवाज ओळखतच जन्माला येणार, याबद्दल मला काडीची शंका उरली नव्हती.

मुलगी झाली. मी धापा टाकत दवाखान्यात पोचलो, तर सासूबाई दारातच आडव्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.

"तोंड देखानं नही, जावाईबापू."

पोर मूळ नक्षत्रावर जन्मली होती. तेच नक्षत्र सत्तावीस दिवसांनी फिरून येतं. त्या दिवशी पूजा घालून नक्षत्राची शांत करायची आणि मगच बापानं तोंड पाहायचं. आधी पाहिलं तर बापाच्या जिवाला धोका, अशी समजूत. माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. मी वाद घालणार, इतक्यात अक्कांनी हात जोडले. "मनी आंडेरना कुकूना सवाल शे," त्या म्हणाल्या. त्या स्वतः पंचविशीत विधवा झालेल्या. आपल्या लेकीच्या कुंकवासाठी त्यांनी माझ्यापुढे हात जोडावेत, हे मला बघवेना. मी मागे फिरलो.

आता माझी गंमत बघा. दूधवाल्यानं माझी मुलगी पाहिली. शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या. मी तेवढा राहिलो. जो भेटेल त्याला मी खोदून खोदून विचारायचो, दिसते कशी? एक म्हणाली नाक बापाचं, दुसरी म्हणाली देवाची कृपा, नाक आईचं आहे. फोटो चालेल का, असं मी शांत करणाऱ्या गुरुजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "फोटोत तोंडच असतं ना?" आरशातलंही चालेना. मग मी अक्कांना विचारलं, बोललं तर चालेल का? त्या हसल्या. "बोलाले कोण नही म्हनस?"

मला तेवढंच हवं होतं. सुट्टीच्या दिवशी सासुरवाडी गाठली. माझ्यासाठी खोलीच्या दाराला जुनं लुगडं बांधलेलं होतं. आत पोरगी रडत होती. मी लुगड्यासमोर उभा राहिलो आणि मेहुणबारेमार्गे धुळे पुकारलं. रडणं थांबलं नाही. जळगाव पुकारलं, तर जोर वाढला. पारोळा म्हटल्यावर तिनं असा टाहो फोडला की अक्का धावत आल्या. "हळू बोला ना, पोर दचकी गयी!"

पुढच्या आठवड्यातही तेच झालं. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की मात्र ती चिडीचूप. मला त्या मिक्सरचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? लुगड्याआडून मी बायकोला विचारलं, "खरं सांग, पोटात असताना माझ्या आवाजाला ती लाथ मारायची ना?"

आतून पोरीला थोपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कधी मारायची, कधी नाही. तुम्ही इतके खूश व्हायचात, म्हणून मी आपलं म्हणायचे."

परतीच्या गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणजे एवढे दिवस मी एकटाच बडबडत होतो. तिच्या लेखी मी कोण, तर पडद्यामागून ओरडणारा कुणीतरी माणूस. मला फार वाईट वाटलं. मूळ नक्षत्राची भीती मला कधी वाटली नाही. पण ही पोर मला ओळखणारच नाही, याची वाटायला लागली.

सत्ताविसाव्या दिवशी नक्षत्राची शांत झाली. काशाच्या वाटीत पातळ तूप घेतलं होतं. मी खाली बघायचं, आणि माझ्या मागून मुलीला असं धरायचं की तिचं तोंड तुपात दिसावं. मी श्वास रोखून वाकलो. एक भुवई दिसली, जरासा गाल दिसला, मग तूप हललं आणि सगळंच हललं. "दिसलं?" गुरुजींनी विचारलं. मी मान डोलावली. मग तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी तिला खरोखर पाहिलं. नाक माझंच होतं. तिनं मला पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"बोला ना तिच्याशी," सगळे म्हणायला लागले. माझं सगळं लक्ष तिला सावरण्यात.

"अहो, मान धरा तिची," बायको म्हणाली.

"धरलीय की."

"अशी नाही. हात खाली घ्या."

"मग तूच घे ना!"

"सत्तावीस दिवस मीच घेतलीय."

"मला घेऊ दिली असती तर शिकलो नसतो का?"

आणि रडणं थांबलं. आधी बायकोच्या लक्षात आलं. पोरगी डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी टक लावून. मी गप्प झालो तसे तिचे ओठ पुन्हा वाकडे व्हायला लागले.

"थांबू नका," बायको हळूच म्हणाली. "आपण घरी असंच तर बोलतो. पोटात असल्यापासून हेच ऐकत आलीय ती."

"आता काय बोलू?"

"काहीही. भांडा."

भांडायला काही सुचेना. समोरचं धूसर झालं होतं. "तुझ्या माहेरचा चहा," मी कसाबसा म्हणालो, "फार गोड असतो." अक्कांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पोरगी ऐकत होती. मी डोळे पुसले आणि चहाला नावं ठेवत राहिलो.