कानमुशीचं कालवण

अंबरनाथला राहणाऱ्या आणि उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पद्मजाबाईंना एकच खूळ होतं, कानमुशीचं, म्हणजे हातोडीडोक्याच्या शार्क माशाचं. हातोड्यासारखं आडवं डोकं, त्याच्या दोन टोकांना डोळे आणि माणसाच्या दुप्पट लांब वाढणारं अंग. स्टाफरूममध्ये सहकारी चिडवायचे, "मॅडम, अंबरनाथला समुद्र कुठाय?" बाई फणकारायच्या, "मग बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी जाते कुठं, तुमच्या चहाच्या कपात?"

त्यांचा जीव तुटायचा तो वेगळ्याच कारणानं. कानमुशी अंडी घालत नाही. पिल्लांना जवळपास वर्षभर पोटात वाढवते, नाळेनं पोसते आणि एका विणीनंतर दुसरी व्हायला दोनेक वर्षं घेते. वेळ भरली की मादी उथळ पाण्यात येते आणि नेमकी तिथंच जाळ्यात सापडते. बांगडा ढिगानं अंडी सोडतो, त्याचं एक वेळ निभतं, हिचं कसं निभणार? विणीची जागा नक्की कळली, तर होडीवाल्यांच्या हातापाया पडून तेवढे दिवस जाळी लांब ठेवायला लावायची, हे बाईंनी मनाशी ठरवलं होतं.

बंदरावरून अंबरनाथच्या बाजारात मासळी आणणाऱ्या कौसाबाईला त्यांनी सांगून ठेवलं, "कानमुशीचं बारकं पिल्लू आलं की माझ्यासाठी ठेवा. छातीपाशी नाळेची खूण ओली असेल तर नक्कीच. आणि कुठं मिळालं ते विचारून या." खूण ओली म्हणजे पिल्लू नुकतंच जन्मलेलं, म्हणजे विणीची जागा जवळच. पण कारण काही बाईंनी सांगितलं नाही. कौसाबाईला काय कळणार, असं त्यांनी धरून टाकलं. शिकलेल्या माणसांची ही खोडच असते.

कौसाबाईला मात्र सगळं कळलं होतं, तिच्या पद्धतीनं. मुशी म्हणजे बाळंतिणीचं खाणं, दूध उतरायला. त्यात बाईंना सातवा महिना. बाई आतापासूनच तजवीज करताहेत, हे सांगायला कुणी कशाला हवं?

मुलगी झाली आणि दूध पुरेना. सासूबाई सगुणाबाई खाडीकाठच्या मिठागराकडच्या, मासळीवर वाढलेल्या. त्यांनी लगेच मुशीचं काढलं.

"आई, काय वाट्टेल ते घाला, मुशी नको."

"पोर उपाशी, नि तू मासलीची दया करतेस?"

त्याच आठवड्यात कौसाबाई टोपली घेऊन दारात हजर. "घ्या बाय! आख्ख्या गाभनीची हायेत."

टोपलीत पिल्लंच पिल्लं. बाईंनी एक उचललं. डोक्याची दोन्ही टोकं मऊ, मागं दुमडलेली. छातीशी खूण नव्हतीच, नाळच लोंबत होती. ते जन्मलंच नव्हतं.

"कुठं मिळाली?" बाईंनी विचारलं.

"खाडीच्या तोंडाला, खडकाच्या आतल्या अंगाला. तुम्ही इचारत व्हता, म्हनून मीच होडीवाल्यांना बोलले, बालंतीन हाय, तिथंच जाली टाका. आता सगल्या होड्या तिथंच जातान."

"अहो, त्यांना तिथून लांब ठेवायचं होतं! म्हणून विचारत होते मी!"

कौसाबाई बावचळली. "मंग आधी बोलायचं ना बाय."

बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आत पोर टाहो फोडत होतं. सगुणाबाईंनी टोपली उचलली. "मेली ती मेली. आता पोरीचं बघ."

बाई जेवल्या. कालवण झकास झालं होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

दोन दिवसांत दूध उतरलं. "तसंही उतरलंच असतं," बाई घसा सुकेपर्यंत सांगत राहिल्या. ऐकतंय कोण! सगुणाबाईंनी शिवमंदिराच्या गल्लीत केव्हाच डंका पिटला होता.

बाहेर पडायला लागल्यावर बाईंनी पहिल्यांदा बाजारात कौसाबाईला गाठलं. गाभण मादी, दोन वर्षं, उथळ पाणी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कौसाबाईनं मन लावून ऐकलं. तिला खरंच वाईट वाटलं. "सांगते होडीवाल्यांना," म्हणाली.

तेवढ्यात गल्लीतल्या पुतळाबाई आल्या. बाईंकडे बघून कौतुकानं हसल्या आणि कौसाबाईला म्हणाल्या, "माझ्या सुनेला पण तीच कानमुशीची पिल्लं दे गं. कॉलेजच्या बाईंनी खाल्ली, म्हणजे चांगलीच असणार."

कौसाबाईनं एकदा बाईंकडे बघितलं. मग मान खाली घालून टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.