न बुडालेली बोट

बोट सुटायच्या आधी सारंग धक्क्यावर उभे राहायचे, उजवा तळवा पोटावर सपाट ठेवायचे आणि चढणाऱ्या माणसांना म्हणायचे, "दोनी अंगांनी बसा, बाबांनो. दोनी अंगांनी बसा." आवाज चढलेला नसे. पंगतीत यजमानाने "सावकाश होऊ द्या" म्हणावे, तसा तो आवाज. हात मात्र पोटावरून हलत नसे.

मी तेव्हा रेवसच्या धक्क्यावर तिकिटे देत असे. तिथून मुंबईला जाणारी लहान आगबोट ते चालवत. मूळचे मुरूडकडचे मुसलमान, उंच, दाढीला मेंदी. आजाची, बापाची गलबते होती. ती गेली आणि हे आगबोटीवर आले. बोटीचा मुख्य तो सारंग, म्हणून आम्ही सगळे त्यांना नुसते 'सारंग' म्हणत असू. ते मला मास्तर म्हणत, कारण खिडकीमागे बसणारा कुणीही त्यांच्या लेखी मास्तरच.

सकाळी मी डबा उघडला की त्यांना हाक मारी. ते कोरा चहा तेवढा घेत. आधी मला वाटले, रोजा असेल. पण वर्षभर रोजा कोण धरतो? विचारले तेव्हा म्हणाले, "बोट भरते ना मास्तर, तवा पोटात गाठ बसते. मुंबईच्या धक्क्याला लागलो की सुटते. मग परतीची माणसं चढतात."

तुम्ही म्हणाल, कधीतरी अपघात पाहिला असेल, त्याची धास्ती बसली असेल. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. पण त्यांच्या हातून कधी काही झालेच नव्हते. एकदा कुणा म्हातारीची कोंबडी पाण्यात पडली, तीही त्यांनी बोट थांबवून काढून दिली. धक्क्यावर ती गोष्ट लोक हसून हसून सांगत. सारंग हसत नसत. "कोंबडी पडली, त्याच्या बाजूलाच एक पोर बसलं होतं," एवढेच म्हणत.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. संकट आले तर तो सगळ्यांत आधी उठेल. पण संकट येत नाही, आणि न आलेल्या संकटासाठी तो रोज उठून उभाच असतो.

पुढे पुढे त्यांच्या छातीत जळू लागले, चालताना धाप लागू लागली. मी त्यांना बळेच अलिबागला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भला माणूस. पोट दाबून पाहिले, छाती ऐकली, पूड लिहून दिली आणि विचारले, "कसली चिंता आहे का?"

"न्हाय साहेब. मुलगी दिली, चांगल्या घरी हाय. देणं न्हाय, घेणं न्हाय."

परतताना टांग्यात त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "काय सांगनार मास्तर? जी गोष्ट झालीच न्हाय, तिची चिंता हाय म्हनून सांगू? हसला असता तो."

उपाय त्यांनी थोडे केले नाहीत. दर्ग्यातला ताईत बांधला. कुणी सांगितले म्हणून उपाशीपोटी आल्याचा रस घेतला, कुणी सांगितले म्हणून ओल्या वाळूतून अनवाणी चालले. शांत झोप काही येईना. त्यांची बायको, आमच्या भाभी, एकदा धक्क्यावर त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे झोपेत मला हालवतात. म्हनतात, तू त्या अंगाला सर, इकडं भार झालाय." सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "बोट घरी येते हो ह्यांच्यासंगं," म्हणाल्या.

लागू पडला तो उपाय कुणी सांगितलेला नव्हता. सासवण्याला आमची वाडी होती. नारळ, सुपारी, विहिरीवर रहाट. एका सुटीच्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. ते विहिरीपाशी समुद्राकडे पाठ करून बसले. बैल फिरत होता, रहाट कुरकुरत होता, पाणी पाटातून सुपारीच्या मुळांकडे जात होते. दुपारी आईने ओटीवर पान मांडले. भात आणि वालाचे बिरडे. सारंगांनी दोनदा भात मागून घेतला. इतके जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"बरं वाटतं इथं," ते म्हणाले. "बैलाला कळतं, आपुन कुठं जायचं न्हाय."

मग सुटी असली की ते येत. बोलत फारसे नसत. आईही त्यांना काही विचारत नसे. जेवण झाले की, आंघोळीचे पाणी तापायला ठेवावे तितक्या सहजपणे त्यांच्यासाठी सावलीत चटई टाकून जाई. पण सुटीचा दिवस एक आणि बोटीचे दिवस बाकीचे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर हात पुन्हा पोटावर असे.

मग शिमगा आला. सणाला गावी आलेले गिरणीतले लोक एकाच सकाळी परत निघाले. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रंका, बोचकी, फणस, कडेवरची पोरे. गिरणीत खाडा पडला तर बदलीवाला जागा धरील, ही प्रत्येकाला घाई. बोट काठोकाठ भरली आणि तरी चढायच्या फळीवर माणसे उभीच होती.

सारंग फळीपर्यंत गेले. थांबले. वळून आले आणि धक्क्याच्या दगडावर बसले.

कंपनीचा एजंट धावत आला. "काय झालं? वेळ झाली ना!"

"माझा पाय उठत न्हाय."

"वारा आहे का? तुफान आहे का? तेल ओतल्यासारखं पाणी आहे समोर."

"वाऱ्याचं काय न्हाय, साहेब. पाय उठत न्हाय."

लोक ओरडू लागले. कुणी म्हणाले, म्हातारा प्यायला आहे. एकाने आईवरून शिवी दिली. आयुष्यात थेंब न घेतलेल्या त्या माणसाने मान वर केली नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मी खिडकी बंद करून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

शेवटी त्यांच्या हाताखालच्या तांडेलाने सुकाणू घेतले. तरुण, हुशार गडी. त्याने शिटी दिली आणि बोट गेली.

सारंग दिवसभर त्याच दगडावर बसून होते. ऊन डोक्यावर आले, भाभी छत्री घेऊन आल्या, तरी उठले नाहीत. दिवस कलताना बोट परत आली. वाटेत काहीही झाले नव्हते. तांडेल शीळ घालत उतरला.

एजंट म्हणाला, "बघितलंत? काय झालं?"

"काय न्हाय झालं," सारंग म्हणाले. त्यांच्या तोंडावर शरम असेल असे मला वाटले होते. नव्हती. ओझे उतरवलेल्या हमालाच्या तोंडावर असतो, तसा नुसता थकवा होता. "माझ्याशिवाय पन जाते बोट. हे मला कुनी आधी सांगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडले. काही दिवसांनी दोघे मुरूडकडे निघून गेले.

वर्ष-दीड वर्षाने एका कामासाठी मला तिकडे जावे लागले. विचारत विचारत मी त्यांचे घर शोधून काढले. वाट माडांतून जात होती. भाभी अंगणात सुकट वाळवत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

पडवीत सारंग झोपले होते. भर दुपारी, उताणे, तोंड किंचित उघडे. दाढी आता पांढरीच ठेवली होती. गाल भरले होते. घोरण्याचा आवाज एका संथ लयीत येत होता. कावळा ओरडला, शेजारी कुणी लाकूड फोडले. त्यांचे डोळे हललेही नाहीत.

"उठवू?" भाभींनी विचारले. विचारताना त्यांचा आवाज इतका नाराज होता की मला हसू आले.

"नको," मी म्हणालो.

त्यांनी कोकमाचे सरबत दिले. आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. सारंगांनी झोपेतच कूस बदलली, एक पाय चटईबाहेर टाकला आणि पुन्हा घोरू लागले. मी चपला हातात घेऊन अंगण ओलांडले.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दोन पावसाळ्यांनी, झोपेतच गेले, असा निरोप आला.