नववा चौकोन

घरामागची बाग आम्ही दोन वर्षं पाहिली नाही, तेवढ्यात रानवेलींनी आणि लव्हाळ्याने ती बळकावली. जागा चाळीस फूट बाय तीस. मी सुतळी बांधून दहा-दहा फुटांचे बारा चौकोन आखले आणि दर रविवारी एक साफ करायचा, असं ठरवलं.

आज चौथा रविवार. पहिल्या चौकोनात पाहिलं, तर लव्हाळा पुन्हा वीतभर उभा, आधीपेक्षा दाट. जमिनीतली त्याच्या गाठींची माळ मीच कुदळीने तोडली होती. सुटी झालेली एकेक गाठ आता वेगळी उगवली होती. लोक हिरवळ पाहून हळवे होतात. मला तिचा राग येतो. आपण पाठ फिरवली की ती आत शिरते, आणि मग आपल्यालाच उपरं ठरवते.

"अहो, काढताय की पेरताय?" बायको पायरीवरून म्हणाली. "आणि माझं लिंबू? ते नवव्या चौकोनात आहे. वेलाने पार आवळलंय. तोवर तग धरेल का ते?"

"क्रमाने जाऊ."

"क्रम त्या वेलाला सांगा."

मी चिडून सुतळी ओलांडली, कोयत्याने सरळ वाट काढली आणि लिंबावरचा वेल बुंध्यापासून तोडला. झाडाला एक पान नव्हतं. तिने येऊन फांदीच्या सालीवर नख ओढलं. आत हिरवं होतं.

"जगेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण तुमच्या मोजमापामुळे नव्हे."