आचऱ्याचा पोकळ साकव

कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनवर उतरले तेव्हा उन्हं चढली होती. मैत्रिणीची आई, फिलोमिना बाई, रिक्षा घेऊन न्यायला आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या. आचऱ्याला घरी पोहोचताच त्यांनी शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) पुढ्यात ठेवले.

खाऊन आम्ही त्यांची बाग पाहायला निघालो. बाईंचे धाकटे भाऊ आग्नेल सोबत होते. वाटेत व्हाळ (ओढा) लागला. त्यावर साकव म्हणून माडाचं (नारळाच्या झाडाचं) एकच जाडजूड खोड आडवं टाकलेलं, धरायला बांबू. मी घुटमळले.

"जा गो, भियां नको," आग्नेल म्हणाले. "हो साकव मी स्वतः घातलंय. नातीक खांद्यार घेवन रोज हयसून शाळेत जातंय."

चार पावलं गेले आणि पायाखाली कडकन आवाज झाला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत खोडात घुसला. सावरायला हात टेकला, तर तोही आत. लाकूड लागलंच नाही. ओलसर, कोमट भुसा लागला, आणि त्यात काहीतरी जाड, मऊ वळवळलं. मी किंचाळले.

आग्नेलनी धावत येऊन मला काखेतून धरलं आणि काठावर ओढलं. "लागला काय गो तुका?"

पोटरी सोलवटली होती, पण माझं लक्ष खोडाकडे होतं. आग्नेलनी कोयत्याने त्याचं टोक फोडलं. तिथे वरचं कवच अजून टणक, शाबूत. आतला गाभा मात्र नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, एकमेकींवर लोळणाऱ्या.

"गेंड्या भुंग्याची पिल्लावळ," बाई म्हणाल्या.

"एवढो मोठो माड ह्यांनी खाल्ल्यानी?" आग्नेलनी वाकून फोडलेल्या खोडात पाहिलं.

बाईंनी एक अळी कोयत्याच्या टोकाने चिरली. मागच्या भागात फुगलेली काळपट पिशवी होती. शिकवायला लागताच बाई मालवणी सोडून शाळेतल्या मराठीत बोलू लागल्या. "ही बघ. लाकडातला चिवट धागा अळीला एकटीला पचत नाही. या पिशवीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू राहतात. ते धागा आंबवून तोडतात, तेव्हा कुठे हिचं पोट भरतं."

मी त्या पिशवीकडे बघतच राहिले. आग्नेल मात्र काठावर बसले.

"बाय," ते बहिणीला म्हणाले, "सकाळीच मी नातीक घेवन गेलंय ह्याच्यावयसून."

बाईंनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ते उठले, वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या आणि वाडीत घरोघरी सांगत फिरले. अळ्या कोंबड्यांनी संपवल्या. आग्नेल त्या दिवशी जेवले नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर माडांच्या रांगा धावत होत्या. पोटरी ठणकत होती. माड तोडला, आडवा घातला, म्हणजे तो आता आपला, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. आमची पावलं वरून जात असताना आत कुणाचं तरी जेवण चाललं होतं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.